लॅपटॉपमध्ये स्वतः रॅम टाकली तर वॉरंटीचं काय होतं?

प्रश्न: मी संगमनेरला लहान व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरण्याचं आणि टॅलीचं काम करते. चौदा महिन्यांपूर्वी फर्मच्या नावानं लॅपटॉप घेतला. कंपनीची तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी आहे. ८ जीबी रॅम बोर्डावरच बसवलेली आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे, हे विकताना दुकानदारानंच सांगितलं होतं. आता टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या वीस-पंचवीस टॅब एकदम उघडल्या की लॅपटॉप अडकत अडकत चालतो. ५१२ जीबीचा एसएसडीही भरत आलाय. तोच दुकानदार आता म्हणतो, ‘तुम्ही खोललात की वॉरंटी गेली, माझ्याकडूनच टाकून घ्या.’ पुण्यातला भाचा म्हणतो, ‘असं सांगणंच बेकायदा आहे, रविवारी येऊन मीच टाकून देतो.’ कुणाचं ऐकू?
ता. क. भावाच्या असेंबल्ड पीसीत ग्राफिक्स कार्ड टाकायचंय. त्याचीही वॉरंटी जाते का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर:

नमस्कार.

आधी दुकानदाराचं बघू. तो कंपनीचा अधिकृत सेवा केंद्रचालक नसेल, तर त्यानं झाकण उघडलं काय आणि भाच्यानं उघडलं काय, कंपनीच्या लेखी दोघंही बाहेरचेच. त्याच्याकडून टाकून घेतल्यानं वॉरंटी सुरक्षित राहते असं नाही. फार तर काही मोडलं तर भरपाई कुणाकडे मागायची हे ठरतं, आणि तेही त्यानं मजुरीचं पक्कं बिल दिलं तरच.

भाचा ज्या कायद्याबद्दल बोलतोय तो बहुधा अमेरिकेचा १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा. आमचाच सुटा भाग वापरा किंवा आमच्याच माणसाकडून काम करून घ्या, अशी अट वॉरंटीला जोडायला तिथे मनाई आहे, अपवाद अगदी थोडे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं ‘स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द’ या प्रकारावरून एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली आणि जुलै २०२४ मध्ये पुन्हा काही कंपन्यांना. त्या दुसऱ्या खेपेत संगणकाचे भाग बनवणाऱ्या गिगाबाइट, एएसरॉक आणि झोटॅक याही होत्या. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ याच आधारावर ‘बिनधास्त उघडा’ सांगतात. पण तुम्ही लॅपटॉप संगमनेरात घेतलात, तेव्हा तो कायदा तुमच्या कामाचा नाही.

आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्याचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांची मॅन्युअल, सुट्या भागांची आणि वॉरंटीची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू. चांगली गोष्ट आहे, पण ते पोर्टल आहे, कायदा नव्हे. तुमच्या हातात खऱ्या अर्थानं दोनच गोष्टी आहेत: कंपनीच्या वॉरंटीची छापील कलमं आणि २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा.

ती कलमं खरंच वाचा. मराठी सोडा, इंग्रजीतही कुणी वाचत नाही. ‘लॅपटॉप उघडल्यास वॉरंटी संपुष्टात’ असं वाक्य बहुतेक मोठ्या ब्रँडच्या कागदात सापडत नाही. सापडतं ते असं: अनधिकृत दुरुस्तीमुळे किंवा फेरबदलामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, आणि कंपनीचे नसलेले भाग वॉरंटीत येत नाहीत. इथे ‘मुळे’ला वजन आहे. तुम्ही रॅम टाकलीत आणि तीन महिन्यांनी बिजागरी तुटली किंवा पडद्यावर उभी रेघ आली, तर रॅमचा त्याच्याशी संबंध काय, हे सांगण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते. पण झाकण काढताना वाय-फायच्या अँटेनाची वायर तुटली, तर ते नुकसान तुमच्या हातून झालेलं आणि दुरुस्तीचा खर्चही तुमचाच. नवी रॅम बिघडली तर ती रॅमच्या कंपनीकडे जाते, लॅपटॉपच्या कंपनीकडे नाही. भांडण होतं ते या दोन्हींच्या मधल्या जागेत: लॅपटॉप अचानक सुरूच होत नाही, इंजिनिअर येतो, आत परकी रॅम दिसते आणि जॉबशीटवर ‘सीआयडी’ लिहून मोकळा होतो. सेवा केंद्रांच्या बोलीत सीआयडी म्हणजे ग्राहकाच्या हातून झालेलं नुकसान. तुमची सगळी तयारी या एका प्रसंगासाठी हवी.

एक फरक लगेच सांगून टाकतो. तुमची तीन वर्षांची वॉरंटी कंपनीचीच आहे की दुकानानं विकलेली ‘एक्स्टेंडेड’? मॉल आणि साखळी दुकानं विकतात ती पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीची योजना असते, तिचा करार वेगळा आणि फेरबदलाबाबतच्या अटी बहुधा जास्त कडक. लॅपटॉपच्या तळावरचा सिरियल क्रमांक कंपनीच्या सपोर्ट पानावर टाका. तिथे दिसणारी शेवटची तारीख खरेदीपासून तीन वर्षांची असेल तर वॉरंटी कंपनीची. तिथे एकच वर्ष दिसत असेल, तर तुमची कंपनी वॉरंटी दोन महिन्यांपूर्वीच संपली आहे आणि तुम्हाला विचारायचंय ते त्या योजनावाल्यांना. (अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या लॅपटॉपबाबतही हीच पहिली पायरी. त्याला भारतात वॉरंटी आहे की नाही, हे सिरियल क्रमांकच सांगतो.)

आता मॅन्युअल. डेल, एचपी आणि लेनोव्हो या कंपन्यांची मॉडेलवार सर्व्हिस मॅन्युअल त्यांच्या संकेतस्थळांवर कुणालाही उतरवून घेता येतात. त्यात भागांची विभागणी असते. लेनोव्होकडे ग्राहकानं स्वतः बदलायच्या भागांना ‘सीआरयू’ म्हणतात आणि बाकीच्यांना ‘एफआरयू’. तुमच्या मॉडेलची रॅम सीआरयूच्या यादीत असेल, तर अर्धं भांडण तिथेच मिटलं, कारण कंपनीनंच हा भाग तुम्ही बदलायचा म्हटलंय. एचपीच्या काही घरगुती मॉडेलांत मात्र उलट असतं. मॅन्युअलमधलं एक अख्खं प्रकरण फक्त अधिकृत तंत्रज्ञांसाठी असतं आणि त्याच्या डोक्यावरच इशारा छापलेला असतो, की हे भाग हाताळल्यास संगणक बिघडू शकतो किंवा वॉरंटी रद्द होऊ शकते. रॅम त्या प्रकरणात असेल तर स्वतः उघडू नका. अधिकृत केंद्रात जा, मजुरी भरा आणि बिलावर रॅमचा सिरियल क्रमांक लिहून घ्या.

मॅन्युअल अनुकूल असलं तरी एक ई-मेल टाकाच. फोनवरचा मुलगा ‘हो हो, चालेल’ म्हणतो, त्याचा पुढे काही उपयोग नाही. मजकूर असा असू द्या (सोडिम म्हणजे लॅपटॉपात बसणारी छोटी रॅमपट्टी): ‘मॉडेल अमुक, सिरियल क्रमांक तमुक, वॉरंटी अमुक तारखेपर्यंत. या लॅपटॉपच्या रिकाम्या स्लॉटमध्ये तुमच्या तपशीलपत्रकात बसणारी ८ जीबीची सोडिम रॅम मी स्वतः बसवणार आहे. मूळ भागांच्या वॉरंटीवर याचा परिणाम होतो का? होत असल्यास वॉरंटीच्या कोणत्या कलमानुसार, ते कळवावे.’ शेवटचं वाक्य वगळू नका. कलम विचारलं की ‘धोरणानुसार चालत नाही’ असं मोघम उत्तर देणं अवघड होतं. उत्तर आलं की त्याची पीडीएफ करून बिलाशेजारी ठेवा. आणि ‘हो, वॉरंटी जाईल’ असं स्पष्ट उत्तर आलं, तर भाच्याला रविवारी जेवायला बोलवा, लॅपटॉप उघडायला नको.

रॅम घेण्याआधी ती बसणार आहे याची खात्री करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ आणि ‘फॉर्म फॅक्टर’ असे दोन तपशील दिसतील. फॉर्म फॅक्टरपुढे ‘रो ऑफ चिप्स’ असेल तर ती रॅम बोर्डावर डाख दिलेली. बोर्डावरच्या एलपीडीडीआर५ प्रकारात इथे ‘८ पैकी ८’ असलं काही दिसतं, आणि लोक आठ स्लॉट शोधत बसतात! म्हणून या आकड्यावर पूर्ण विसंबू नका, कंपनीचं तपशीलपत्रक बघा. लेनोव्होचं ‘पीएसआरईएफ’ नावाचं पान यासाठी फार चांगलं आहे, त्यात ‘८ जीबी सोल्डर्ड अधिक एक सोडिम स्लॉट’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि कमाल क्षमताही दिलेली असते. कमाल क्षमतेच्या वरची रॅम कधी कधी चालते. चालली तरी टाकू नका, कारण वाद झालाच तर ‘आम्ही दिलेल्या मर्यादेबाहेर’ हे वाक्य तुम्हीच त्यांच्या हातात दिलेलं असेल.

डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. लॅपटॉपच्या डीडीआर४ला २६० पिना, डीडीआर५ला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. जोर लावून बसवणारे भेटतात, त्यांचा स्लॉट तुटतो आणि स्लॉट म्हणजे मदरबोर्ड. वेग जुळवताना बोर्डावरच्या रॅमइतकाच घ्या, म्हणजे डीडीआर४-३२०० असेल तर ३२००. जास्त वेगाची घेतली तरी दोन्ही कमी वेगावरच चालतील.

किती घ्यायची? तुमच्या कामाला एकूण १६ जीबी पुरते, म्हणजे ८ ची एकच. ८ अधिक ८ झाली की प्रोसेसर आणि रॅम यांच्यातल्या दोन्ही वाहिन्या सारख्या भरतात. १६ ची टाकलीत तर एकूण २४, त्यातली १६ जीबी दुहेरी वाहिनीवर आणि उरलेली ८ एकेरीवर चालते. तुमच्या कामात फरक जाणवणार नाही. एरवी ‘घेतेच आहेस तर मोठी घे’ म्हटलं असतं, पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्सचा मोठा वाटा ओढून घेतलाय. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशिअल हा आपला किरकोळ ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. विकलेल्या मालाची वॉरंटी चालू राहील असं कंपनीनं सांगितलंय, त्यामुळे दुकानात उरलेली क्रुशिअल घ्यायला हरकत नाही, बिल मात्र पक्कं हवं. महागाईत जुनी काढलेली रॅम नव्या पाकिटात विकण्याचा मोह वाढतो, म्हणून बिलावर रॅमचा सिरियल क्रमांक लिहून घ्या आणि भारतातली वॉरंटी कोणत्या वितरकाकडे मागायची हे विक्रेत्याकडून आत्ताच माहीत करून घ्या. ‘लाइफटाइम’ वॉरंटी छापलेली असली तरी बिलाशिवाय ती कुणी चालवून घेईलच असं नाही.

एसएसडीबद्दल माझं मत वेगळं आहे: आत्ता हात लावू नका. तुमच्या लॅपटॉपात एम.२ चा (एसएसडी बसतो तो) दुसरा स्लॉट रिकामा असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नवा बसवला तरी जुन्याला धक्का लागत नाही. एकच स्लॉट असेल तर मूळ एसएसडी काढून त्यावरची विंडोज नव्यावर उतरवावी लागते आणि वर्षभराचा अशिलांचा डेटा त्या कसरतीत लोंबकळतो. टॅलीचा डेटा फार जागा खात नाही. जागा खातात डाउनलोडमधले पीडीएफ, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली बिलांची छायाचित्रं आणि विंडोजच्या जुन्या अपडेटचे अवशेष. सेटिंग्जमध्ये स्टोरेज उघडून टेम्पररी फाइल्स काढा आणि मागल्या वर्षांचे फोल्डर बाहेरच्या यूएसबी एसएसडीवर हलवा. हलवताना दोन प्रती ठेवा, एकच प्रत म्हणजे बॅकअप नव्हे.

तरीही एसएसडी बदलायचाच ठरला, तर लांबी बघा. २२८०, २२४२ आणि २२३० हे आकडे म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि ८०, ४२ किंवा ३० मिलिमीटर लांबी. पातळ लॅपटॉपात दोन्ही बाजूंना चिप्स असलेला एसएसडी दाटून बसतो आणि वाकतो, म्हणून एकाच बाजूला चिप्स असलेला घ्या. विंडोजचा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, तो एसएसडी बदलल्यानं जात नाही. काढलेला मूळ एसएसडी वॉरंटी संपेपर्यंत तसाच ठेवा, पुसू नका, विकू नका. कारण पुढे येतंच.

आता प्रत्यक्ष काम. भाच्याला हे वाचून दाखवा, तो ‘माहितीये मावशी’ म्हणेल, तरी दाखवा.

सुरुवात पेचकसानं करायची नाही. सगळ्या डेटाची प्रत बाहेर काढा. मग बिटलॉकरची, म्हणजे विंडोज ड्राइव्हला लावते त्या कुलपाची, रिकव्हरी की शोधा. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपांत ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद झालेला असतो आणि मालकाला पत्ता नसतो. बायोसमधलं (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं) काही बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. कागदावर उतरवून घ्या, कारण ती हवी असेल तेव्हा लॅपटॉप बंदच असतो. बायोसचं अपडेट आलेलं असेल तर ते चार्जर लावून, बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करून, झाकण उघडण्याआधीच करून टाका. अपडेटमध्ये मेमरीविषयीच्या सुधारणा असू शकतात, आणि उघडण्याआधी केलेलं अपडेट फसलं तर त्याचा दोष रॅमवर ढकलता येत नाही.

मग फोटो. तळाचं झाकण, प्रत्येक स्क्रू, सिरियल क्रमांक. उघडल्यावर आतला संपूर्ण बोर्ड, वरून आणि तिरका. रॅम बसवल्यावर पुन्हा. फोन आपोआप तारीख नोंदवतो, तेवढं पुरे. सीआयडीच्या वादात याहून उपयोगी पुरावा तुमच्याकडे दुसरा नसेल. एखाद्या स्क्रूवर वॉरंटीचा स्टिकर असेल आणि ई-मेलमध्ये त्याचा उल्लेख आला नसेल, तर थांबा आणि फोटो जोडून पुन्हा विचारा. हेअर-ड्रायरनं अलगद सोडवून परत चिकटवण्याच्या युक्त्या व्हिडिओत सोप्या दिसतात. इंजिनिअरला त्या ओळखू येतात, आणि मग तुम्ही केलेलं साधं काम लपवाछपवी दिसायला लागतं.

लॅपटॉप बंद करताना शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे तो अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहत नाही. चार्जर काढा. स्क्रूंसाठी बारीक पेचकस, पीएच० किंवा पीएच००. दुकानात चार पाकळ्यांच्या पेचकसालाही ‘स्टार’ म्हणतात आणि सहा टोकांच्या टॉर्क्सलाही, तेव्हा स्क्रूचा फोटो दाखवून घ्या. मोठ्या पेचकसानं डोकं घासलं गेलं की तो स्क्रू पुन्हा निघत नाही, आणि घासलेलं डोकं पहिल्या नजरेत दिसतं. काही स्क्रू झाकणातून पूर्ण बाहेर येतच नाहीत, ते सैल झाले की थांबायचं. काही रबरी पट्टीखाली असतात. प्रत्येक स्क्रू ज्या जागेचा तिथेच जायला हवा: कागदावर झाकणाची आकृती काढून त्या त्या जागी स्क्रू चिकटपट्टीनं लावून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तो बोर्डात किंवा कीबोर्डाच्या पाठीत घुसतो. घरी रॅम टाकताना बोर्ड मारण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

झाकणाच्या कडेला प्लास्टिकचे आकडे असतात. गिटारची प्लास्टिक पट्टी किंवा जुनं सिमकार्डाचं कार्ड घालून कोपऱ्यापासून सरकत जा. सुरी किंवा सपाट पेचकस नको, कडेवर दात उमटतात. झाकण सुटलं की झटका देऊन उचलू नका, काही मॉडेलांत त्याला वायर जोडलेली असते.

पहिलं काम बॅटरीची वायर काढणं. कनेक्टरला नखानं किंवा प्लास्टिकनं धरून ढकलायचं, तारांना धरून ओढायचं नाही. काही लॅपटॉपांत, उदाहरणार्थ पुष्कळ थिंकपॅडमध्ये, बायोसमधूनच अंतर्गत बॅटरी बंद करण्याची सोय असते, ती असेल तर उघडण्यापूर्वी वापरा. बॅटरी सुटल्यावर पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, उरलेला विद्युतभार उतरतो. बॅटरी जोडलेली ठेवून रॅम बसवली तर पिना टेकताना तात्पुरतं शॉर्ट होऊ शकतं आणि मग बोर्ड जातो.

स्थिर विजेचा प्रश्न पावसाळ्यात फारसा नसतो. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत मात्र लोकरी स्वेटर आणि सिंथेटिक कपडे घालून हे काम करू नका. आपल्याला झटका जाणवतो तो काही हजार व्होल्टचा असतो, चिपला त्याच्या कितीतरी कमी पुरतो, म्हणून ‘मला काही जाणवलं नाही’ याला अर्थ नाही. मनगटपट्टी मिळाली तर उत्तम. नसेल तर रॅमला हात लावण्यापूर्वी दर वेळी लॅपटॉपच्या आतल्या उघड्या धातूला बोट लावा, म्हणजे तुम्ही आणि बोर्ड एकाच पातळीवर येता. ‘नळाला हात लावा’ हा जुना सल्ला आता कामाचा नाही, निम्म्या घरांत पाइप प्लास्टिकचे आहेत.

रॅम साधारण ३० अंशाच्या तिरकसपणे स्लॉटमध्ये सारायची. सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी झाली पाहिजे. मग खाली दाबायची, दोन्ही बाजूंच्या पकडी ‘टक्’ करून बसतात. सोनेरी भाग मिलिमीटरभरही जास्त बाहेर राहिला तर लॅपटॉप सुरू होत नाही. ‘रॅम टाकल्यावर लॅपटॉप मेला’ म्हणून घेऊन येणाऱ्यांपैकी पुष्कळांची गोष्ट एवढीच असते.

बॅटरी जोडा, झाकण नुसतं ठेवा, स्क्रू लावायची घाई नको, चार्जर लावून सुरू करा. पहिल्यांदा पडदा काळाच राहील. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो, डीडीआर५ मध्ये याला काही मिनिटंही लागतात. घाबरून बटण दाबून बंद केलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. पाच मिनिटं थांबा. तरी काही नाही, तर बंद करून बॅटरी काढून रॅम पुन्हा बसवा. विंडोज आली की एकूण १६ जीबी दिसायला हवी. वापरण्याजोगी थोडी कमी दिसेल, तो वाटा अंतर्गत ग्राफिक्सचा, तक्रार करू नका. वाय-फाय, टचपॅड, पंखा, चार्जिंग ही चार कामं तपासा. वाय-फाय गेलं असेल तर अँटेनाची टोपी निघाली, टचपॅड गेला असेल तर चपटी केबल सैल, चार्जिंग होत नसेल तर बॅटरीचा कनेक्टर अर्धवट.

त्याच रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम लावा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते, काही तास जातात. एकही चूक दिसली तर रॅम परत करायची. एक चूक म्हणजे ‘चालतंय की’ नव्हे, कधीतरी टॅलीची डेटा फाइल त्याच जागी खराब होईल. ऑनलाइन घेतलेली रॅम बदलून मिळण्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून चाचणी लांबवू नका.

आणि समजा, सहा महिन्यांनी लॅपटॉप खरंच बिघडला. सेवा केंद्राला फोन करण्यापूर्वी तुमची रॅम काढा, एसएसडी बदलला असेल तर मूळ परत लावा आणि पुन्हा तपासा. बिघाड गेला तर तो तुमच्या भागाचा, रॅमच्या कंपनीकडे जा. बिघाड तसाच राहिला तर तो मूळ मशीनचा आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत, आता कॉल लॉग करा. इंजिनिअरनं विचारलं तर रॅम टाकली होती हे सरळ सांगा आणि ई-मेल दाखवा. खोटं बोलण्याची गरज नाही आणि फायदाही नाही. रॅम आधी काढून ठेवण्याचं दुसरं कारण अधिक व्यवहारी: तुमचा भाग आत ठेवून लॅपटॉप दिला आणि बोर्ड बदलताना तो हरवला, तर परक्या भागाची जबाबदारी सेवा केंद्र घेत नाही. मूळ एसएसडीच बिघडला असेल, तर बदललेला भाग कंपनी स्वतःकडे ठेवते हेही लक्षात असू द्या. अशिलांचा डेटा त्यावर आहे. डेल आणि लेनोव्हो ड्राइव्ह ग्राहकाकडेच ठेवण्याची सोय वेगळ्या पैशांत देतात, तुमच्या धंद्यात ती घेण्यासारखी आहे.

दावा नाकारला तर जॉबशीटवर नुसतं ‘सीआयडी’ चालवून घेऊ नका. कोणता भाग, कसलं नुकसान, ते कशामुळे झालं असं त्यांचं म्हणणं आहे, हे शब्दांत लिहून आणि फोटोसह मागा. मग कंपनीच्या तक्रार विभागाला ई-मेल, त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक आयोग, तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवण्याचा अधिकारही आयोगाला आहे, आणि रॅममुळे बिजागरी तुटते का, याचं उत्तर तिथे कंपनीला अवघड जातं.

तुमच्या बाबतीत एक आडवा मुद्दा निघेल. बिल फर्मच्या नावावर आहे, तेव्हा ‘व्यापारी हेतूनं घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही’ असं कंपनीचा वकील म्हणू शकतो. कलम २(७) च्या स्पष्टीकरणात त्याला उत्तर आहे: स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरली जात नाही. तुमचा व्यवसाय एकटीचा आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.

भावाचा पीसी सोपा आहे. असेंबल्ड पीसीला एक अशी वॉरंटीच नसते, प्रत्येक भागाची स्वतंत्र असते आणि तो उघडण्यासाठीच बनलेला असतो. ग्राफिक्स कार्ड टाकल्यानं बोर्डाची किंवा प्रोसेसरची वॉरंटी जात नाही. दुकानदारानं कॅबिनेटवर स्वतःचा स्टिकर लावला असेल तर तो त्याच्या सेवेपुरता. प्रत्येक भागाचं बिल आणि खोकं मात्र त्याच्याकडून मागून घ्या.

सांभाळायचं तीन ठिकाणी. पहिलं, ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवणं. एएमडीच्या अटींत प्रोसेसर किंवा मेमरी जाहीर मर्यादेबाहेर चालवली तर वॉरंटी रद्द, मग ती सोय एएमडीच्याच सॉफ्टवेअरनं का दिलेली असेना. इंटेलही वारंवारता किंवा व्होल्टेज बदलल्यास वॉरंटी जाऊ शकते असं सांगते. दुसरं, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. नव्या कार्डासाठी तो बदलायचा झाला आणि दोन्ही मॉड्युलर (केबली सुट्या निघणारे) असले, तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका. टोकं बसतात, पण आतली तारांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी क्षणात जळतात आणि ते कुठल्याही वॉरंटीत बसत नाही. तिसरं, कार्डाच्या निमित्तानं प्रोसेसर आणि बोर्डही बदलावासा वाटला, तर नव्या बोर्डावर प्रोसेसरच्या जागेवरची, म्हणजे सॉकेटवरची, प्लास्टिकची टोपी टाकून देऊ नका. सॉकेटात पिना असलेला बोर्ड वॉरंटीत पाठवताना ती लावूनच पाठवायचा असतो, आणि वाकलेली पिन दिसली की बोर्ड न तपासताच परत येतो.